सावली गेल्याचा निरोप

मित्रांनो, कामोठ्याच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे डावे कपाट उघडा. दुसऱ्या फळीवर, परीक्षानळ्यांच्या शेजारी, एक चपटा काळा डबा दिसेल. त्याच्या झाकणावर बोटभर लांब ओरखडा आहे. तो जुना मोडेम म्हणजे मी. माझे वय अवघे दीड वर्ष. तरीही सगळे मला जुना म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. माझ्या जातीत दीड वर्ष म्हणजे म्हातारपणच.

माझे काम दुभाष्याचे. संगणकाचे बोलणे टेलिफोनच्या तारेला समजेल असे करायचे आणि तारेतून आलेले बोलणे संगणकाला समजावून द्यायचे. हे काम करणारे माझे हजारो भाऊ असतील. पण सूर्य कुठल्या गावावर आला, हा निरोप एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेण्याचा मान किती जणांना मिळाला असेल? मला मिळाला. म्हणून आज छाती फुगवून तुम्हाला ही हकिकत सांगतो आहे.

माझा जन्म पावण्याचा. तिथल्या कारखान्यांच्या गर्दीत शिवरामशेटचे एक छोटे वर्कशॉप आहे. पत्र्याचे छप्पर, आत दोन लांब टेबले आणि टेबलांना बसलेल्या बारा बायका. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये त्यातल्या सुंदराबाईंनी मला घडवले. त्या मूळच्या जालन्याकडच्या. शाळा चौथीपर्यंत. पण हिरव्या पट्टीवर एकेक पुर्जा बसवून त्याला सोल्डर मारताना त्यांचा हात असा चाले, की जणू रांगोळीचे ठिपके घालत आहेत. माझ्या पोटातले एकशे अठरा सांधे त्यांचे. शेवटी त्यांनी मला वीज दिली आणि माझ्या कपाळावरचे सात लाल दिवे एकदम पेटले.

पण झाकण बसवताना स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि ओरखडा उठला. शिवरामशेटनी मला उलटसुलट करून पाहिले. "हा गिऱ्हाइकाला देता येणार नाय. बाजूला ठेवा."

सुंदराबाई म्हणाल्या, "शेट, आतून काय बी खराबी न्हाई. माज्या क्रांतीच्या शाळेत कंप्युटर हाय, पन ह्यो डबा न्हाई. तिच्या बाई लई दिस झाले इच्यारत्यात. देता का?"

शेटनी मला त्यांच्याकडे सरकवले. मग म्हणाले, "घेऊन जा. पण सांगा हां, माल पावण्याचा आहे."

असा मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कामोठ्याला आलो. तेव्हा कामोठ्यात इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. शाळा तीन मजली, अजून रंगाचा वास येणारी. एका कंपनीने बदलून टाकलेला संगणक तिथे होता आणि त्याच्यावर प्रश्नपत्रिका टाइप होत. तो अरुणा बाईंच्या ताब्यात होता. अरुणा बाई भूगोल आणि विज्ञान शिकवत. उंच, सडसडीत, आणि बोलता बोलता खडूने स्वतःच्याच साडीवर रेघ मारून घेणाऱ्या. त्यांनी मला फडक्याने पुसले, फोनची वायर जोडली आणि आठवीची सगळी मुले माझ्याभोवती गोळा झाली.

मी नंबर फिरवला. मग माझ्या जातीच्या रीतीप्रमाणे किंचाळलो, घरघरलो, शिट्टी मारली. मुले पोट धरून हसली. शिपाई दत्तू, मूळ कामोठे गावातलाच, दारातून आत डोकावला. "बाई, यो डबा बोंबलतं कनाला? काय दुखतं का त्याला?"

"बोलतोय तो, दत्तू. ठाण्यापलीकडच्या एका मशीनशी बोलतोय."

"बोलताना एवरा आरडाओरडा? मंग आमच्या घरचाच हाय यो," दत्तू म्हणाला आणि त्या दिवसापासून मी शाळेतला झालो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत अरुणा बाई पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला गेल्या. तिथे त्यांची दोन शिक्षकांशी ओळख झाली. एक मानसिंग सर, गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतले. दुसऱ्या नंदिनी बाई, नाशिकच्या. तिघे चहाला उभे असताना मानसिंग सरांनी विषय काढला. आपल्याकडे मे महिन्यात एक दिवस असा येतो, की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण हा दिवस सगळीकडे एकच नसतो. आधी दक्षिणेला येतो, मग रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो. पुस्तकात हे एका ओळीत असते. मुलांना ते प्रत्यक्ष दिसले तर? तिन्ही शाळांनी मिळून सूर्याला उत्तरेकडे जाताना पकडले तर?

शिबिरातून परतताना तिघांनी एकमेकांचे ई-मेलचे पत्ते लिहून घेतले. आणि मित्रांनो, माझ्या खऱ्या नोकरीला तिथून सुरुवात झाली.

तीन शाळांनी मिळून एक काम करायचे, हे बोलायला सोपे असते. माझ्या पोटातून गेलेली पत्रे मला पाठ आहेत, म्हणून सांगतो. काठी केवढी? जाडी किती? उभी आहे हे कसे ठरवायचे? घड्याळ कोणाचे खरे धरायचे? कोणाची सहामाही कधी, कोणाचे स्नेहसंमेलन कधी? नाशिकला नंदिनी बाईंच्या शेजारी सायबर कॅफे होता, त्यामुळे त्यांचे उत्तर दोन दिवसांत येई. मानसिंग सरांच्या गावात मात्र शाळेतही फोन नव्हता. ते दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने दोन तास बसून कोल्हापूरला जात. तिथे मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पत्रे वाचत, उत्तरे लिहीत आणि चारच्या गाडीने परत फिरत. त्यामुळे आमचा आठवडा शनिवारी सुरू होई आणि शनिवारीच संपे.

त्यात पत्रे इंग्रजी अक्षरांतून लिहिलेल्या मराठीत. तेव्हा पडद्यावर देवनागरी धड उमटतच नसे. जानेवारीत रंगीत तालीम ठरली. तिन्ही शाळांनी एकाच दिवशी सावली मोजून आकडे पाठवायचे होते. मानसिंग सरांनी लिहिले, काठी 'साठ' सेंटीमीटरची घ्या. नंदिनी बाईंनी ते 'सात' वाचले. त्यांच्या चाळीस मुलांनी मैदानात चाळीस पेन्सिलींचे तुकडे रोवले आणि नखाएवढ्या सावल्या मोजून पाठवल्या. अरुणा बाई आकडे बघून चक्रावल्या. नंदिनी बाईंचे पुढचे पत्र आले, "माझी मुले मला हसत आहेत आणि ते बरोबरच आहे."

त्यावर अरुणा बाईंनी नियमांचा कागद केला आणि तो माझ्यातून दोन्हीकडे गेला. आकडे आकड्यांतच लिहायचे. काठीला ओळंबा लावायचा. घड्याळ सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावायचे. आणि शेवटचा नियम त्यांनी दोनदा लिहिला होता. जे डोळ्यांनी दिसले नाही, ते कागदावर उतरायचे नाही. ढग आले तर 'ढग आले' असेच लिहायचे.

सगळे सुरळीत चालले होते. पण फेब्रुवारीत माझ्यामुळे एक वाईट गोष्ट घडली. ती लपवली तर ही हकिकत खोटी होईल.

मित्रांनो, शाळेत फोन एकच होता. मी बोलत असलो की तो बाहेरच्यांना एंगेज लागे. त्या दिवशी अरुणा बाई नाशिकला एक लांबलचक तक्ता पाठवत होत्या. लाइन पुन्हा पुन्हा तुटत होती, आम्ही पुन्हा पुन्हा जोडत होतो. पाऊण तास गेला. नेमक्या त्याच पाऊण तासात आठवीतल्या ऋषीचे वडील हॉस्पिटलमधून शाळेला फोन लावत होते. ऋषीची आई पाय घसरून जिन्यावरून पडली होती. घराला कुलूप होते आणि ऋषीला शाळेतच थांबवून घ्या, एवढेच त्यांना सांगायचे होते. फोन लागला नाही. ऋषी घरी गेला. बंद दारासमोर पायरीवर दोन तास एकटा बसून राहिला. आई बरी झाली, पण त्या दोन तासांत त्या मुलाच्या मनात काय काय येऊन गेले असेल!

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ओरडले नाहीत. मुख्याध्यापक दिनानाथ सरांसमोर बसून हळू आवाजात म्हणाले, "सर, त्रेचाळीस वेळा लावला मी फोन."

दिनानाथ सर कडक शिस्तीचे. त्यांनी अरुणा बाईंना बोलावले. "बाई, सूर्य कुठे जातो ते कळलं नाही तरी शाळा चालेल. मूल कुठे आहे ते कळलं नाही तर चालणार नाही."

"सर, चूक माझी आहे," अरुणा बाई म्हणाल्या. स्वतःच्या हाताने माझ्या वायरी काढल्या आणि मला सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी मला त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

पुढचे काही आठवडे मी अंधारात काढले. वर हजेरीपट, खाली जुनी घंटा. बाहेर टेलिफोन वाजला की माझे अंग शहारे, पण हाक मला नसे. आपण वाईट आहोत का, असे त्या दिवसांत वाटे. आता वाटत नाही. मी तर सांगितले तेवढेच केले होते. पण एकुलती एक तार आपण अडवून बसलो आहोत, हे माझ्या वतीने माणसाने ध्यानात ठेवायचे असते.

एके दिवशी कपाटाच्या फटीतून सरांचा आवाज ऐकू आला. ते एक पोस्टकार्ड वाचत होते. पत्ता शाळेचा होता, म्हणून ते त्यांच्या टेबलावर आले होते.

"अरुणा बाईंना मानसिंगचा नमस्कार. चार शनिवार झाले, एसटीनं जातोय आणि मोकळ्या हातानं परत येतोय. तुमी आजारी तर न्हाईसा? पोरं रोज इचारत्यात, नव्या मुंबईचं काय झालं. काम बंद करायचं असंल तर तसं सांगा, राग न्हाई. पर न सांगता बंद करू नका. पोरांना काय सांगू तेवढं तरी कळवा."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी दत्तूला हाक मारली आणि अरुणा बाईंना बोलवायला सांगितले. बाई आल्या तेव्हा सरांनी त्यांच्या हातात कार्ड ठेवले.

"हा माणूस दर शनिवारी चार तास एसटीत बसतो?"

"हो, सर."

"आणि तुम्ही त्याला काहीच कळवलं नाही?"

बाईंनी मान खाली घातली. "काय कळवणार, तेच सुचत नव्हतं, सर. पण मी एक आराखडा करून ठेवलाय. तुम्ही बघाल का?"

पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. महिनाभर त्या त्याच्यावर काम करत होत्या. पत्रे आधी संगणकावर लिहून ठेवायची आणि मगच फोन जोडायचा. फोन जोडायचा तो शाळा सुटल्यावर, घड्याळ लावून दहा मिनिटे. सुट्टीच्या दिवशीही दहाच. तेवढ्या वेळात निरोप घ्यायला फाटकाबाहेरच्या पंढरीच्या एसटीडी बूथचा नंबर. तो नंबर प्रत्येक मुलाच्या डायरीत. बाई पंढरीशी बोलूनही आल्या होत्या. तो म्हणाला होता, "टेन्शन नका घेऊ बाई, पोराचा निरोप आला तर शटर टाकून धावत येईन." आणि कागदाच्या तळाशी ऋषीच्या वडिलांची सही होती. बाई त्यांच्या घरी जाऊन त्यांना आराखडा दाखवून आल्या होत्या.

सरांनी सही दोनदा पाहिली. खिशातून किल्ली काढली. "काम झालं की हा डबा रोज परत माझ्या कपाटात," एवढेच म्हणाले.

मी बाहेर आलो! त्या संध्याकाळी मी पहिले पत्र नेले, त्यात मोठी माफी होती. शनिवारी उत्तर आले. "काम चालू हाय म्हटल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या."

आता दुसरी अडचण. एप्रिलमध्ये अरुणा बाईंनी वर्गात विचारले, "पंधरा मेला आपल्याकडची सावली जाणार. त्या दुपारी शाळेत कोण कोण येणार?" अठ्ठेचाळीस मुलांपैकी नऊ हात वर झाले. नवी मुंबईतली सगळी मंडळी बाहेरून आलेली. मे उजाडला की कोणी कोकणात, कोणी देशावर, कोणी मराठवाड्यात. बाईंचा चेहरा उतरला. नऊ मुलांत कसला वर्गाचा प्रकल्प?

तेव्हा क्रांती उभी राहिली. सुंदराबाईंची मुलगी. फार बोलत नसे, पण बोलली की नेमके बोले. "बाई, मी काय म्हणते, गावाला पण सूर्य असतोच ना? जो जिकडे जाईल, त्याने तिकडेच काठी रोवायची."

"आणि आपल्याला कळणार कसं? गावोगावी काय मोडेम आहेत?"

"पोस्टकार्ड टाकायचं, बाई. मानसिंग सरांनी नाय का टाकलं?"

बाईंनी लगेच खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर महाराष्ट्र काढला आणि खडूने साडीवर रेघही मारून घेतली. त्याच आठवड्यात एकोणचाळीस पोस्टकार्डे आणली गेली. प्रत्येकावर शाळेचा पत्ता आणि खाली मोकळ्या जागा. गाव, तारीख, वेळ, सावली किती, ढग होते का. नियमांचा कागद प्रत्येकाच्या बॅगेत गेला. ही कल्पना मी कोल्हापूर आणि नाशिकला पोचवली, तेव्हा त्या शाळांनीही ती उचलली. एक जादा कार्ड दिनानाथ सरांनीही मागून घेतले. "नमुना म्हणून फाइलला लावतो," म्हणाले आणि सुट्टीपुरती कपाटाची किल्ली अरुणा बाईंकडे दिली.

पाच मेला दुपारी मानसिंग सरांच्या शाळेत सावली गेली. शनिवारपर्यंत थांबणे त्यांना जमेना. त्याच दुपारी एसटी पकडून ते कोल्हापूरला गेले आणि संध्याकाळी माझ्यात निरोप उतरला. "12 वाजून 29 मिनिटे. सावली शून्य. 61 पोरं, 4 मास्तर आणि निम्मं गाव साक्षीला. सूर्य तुमच्याकडं निघालाय. सांभाळून घ्या." अरुणा बाईंनी ते मोठ्याने वाचले आणि शाळेत जमलेली नऊ मुले खुर्च्यांवर चढून ओरडली.

दहा दिवसांनी आमची पाळी. पंधरा मे, शनिवार. सकाळपासून ढग येत-जात होते. मी खिडकीजवळच्या टेबलावर होतो, त्यामुळे मैदानातली काठी मला स्वच्छ दिसत होती. बारा वीसला सूर्य झाकला गेला. सगळी मुले मान वर करून उभी. बारा तेहतीसला ढगाची कड सरकली, ऊन पडले, आणि काठीला सावलीच नव्हती! मुलांनी खाली पाहिले. त्यांच्याही सावल्या पायांखाली गुडूप झाल्या होत्या. दत्तू स्वतःभोवती गोल फिरून आपली सावली शोधत होता. "बारा चौतीस!" क्रांतीने घड्याळ बघून ओरडून सांगितले.

बाई आत आल्या. निरोप आधीच लिहिलेला होता, फक्त वेळ भरायची होती. कोल्हापूरला मानसिंग सर क्लासमध्ये बसून होते. चारच्या गाडीने ते परतणार होते आणि त्यांची पोरे गावच्या स्टँडवर निरोप ऐकायला जमणार होती. बाईंनी माझे बटण दाबले.

माझा एकही दिवा लागला नाही.

पुन्हा दाबले. काहीच नाही. मी आतून धडपडत होतो, पण विजेचा थेंबही माझ्यापर्यंत येत नव्हता. रोज कपाटातून काढणे, रोज परत ठेवणे, आणि घाईत पिन न धरता वायर ओढणे. त्याने माझ्या आतला एक सांधा कधीचा तडकत आला होता. तो त्या दुपारी तुटला.

मुले रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "पंढरीच्या बूथवरून कोल्हापूरला फोन करून सांगता येईल. पण क्लासचा नंबर कुणी घेतलाय? मीच नाही घेतला." क्रांती म्हणाली, "बाई, हा आईने बनवलाय. आईला फोन करा."

पंढरीने पावण्याला फोन लावून दिला. अडीच वाजता शाळेच्या फाटकात एक स्कूटर येऊन थांबली. पुढे शिवरामशेट, मागे सुंदराबाई, मांडीवर फडक्यात गुंडाळलेले सोल्डरिंगचे सामान. त्या थेट माझ्यापाशी आल्या. झाकण उघडले, भिंग लावून पाहिले आणि हसल्या.

"मोठं काय न्हाई. पिनेपाशी टाका उसवलाय." मग जरा रागाने म्हणाल्या, "वायर धरून वढीत व्हता ना?"

अरुणा बाई शाळकरी मुलीसारख्या म्हणाल्या, "हो, सुंदराबाई. घाईत."

धुराची एक बारीक रेघ उठली. तो वास मला जन्मापासून ओळखीचा. तीन वाजायला दहा मिनिटे असताना माझे सातही दिवे पेटले. मी इतक्या मोठ्याने किंचाळलो, की दत्तू दचकून मागे सरकला. बाईंनी पडद्यावर निरोप आणला आणि खुर्चीवरून उठल्या.

"सुंदराबाई, बसा इथे. हे बटण तुम्ही दाबायचं."

"मी? बाई, मला काय कळतंय त्यातलं?"

"आई, बस ना," क्रांती म्हणाली.

सुंदराबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पदराला बोट पुसले आणि बटण दाबले. "कामोठे, 12 वाजून 34 मिनिटे, सावली शून्य." तो निरोप माझ्या एकशे अठरा सांध्यांमधून धावत गेला. सात मिनिटांनी उत्तर आले. बाईंनी ते वाचून दाखवले, "मिळाला! मिळाला! गाडी सुटायला अजून येळ हाय, पर मी आत्ताच स्टँडला पळतोय." सुंदराबाईंनी विचारले, "म्हंजी, माज्या हातचं पार कोल्हापूरला गेलं?" कोणी उत्तर द्यायच्या आत शिवरामशेटच म्हणाले, "आणि माल पावण्याचा!"

वीस मेला नाशिकची सावली गेली, बारा एकतीसला. नंदिनी बाईंनी तळटीप लिहिली होती, "काठी साठ सेंटीमीटरचीच होती."

पण माझ्या मते खरी मौज जूनमध्ये आली. शाळा उघडली तेव्हा टपालाचा गठ्ठा वाट पाहत होता. एकोणचाळीसपैकी चौतीस कार्डे आली होती. प्राचीचे कऱ्हाडहून, नऊ मे. जाईचे गुहागरहून, दहा मे. निशांतने प्रामाणिकपणे लिहिले होते, "ढग आले. काही दिसले नाही. सॉरी." ऋषीचे कार्ड बीडहून होते. तारीख पंधरा मे, म्हणजे कामोठ्याचाच दिवस, पण वेळ बारा तेवीस. मुले गोंधळली. एक म्हणाला ऋषीचे घड्याळ चुकले. ऋषी चिडला, "रेडिओला लावलं होतं!" बाईंनी फक्त नकाशा पुढे केला, आलेल्या प्रत्येक कार्डाच्या गावी टाचणी टोचलेला. पाच-सात मिनिटांनी मुलांच्याच ध्यानात आले. बीड आणि कामोठे एकाच आडव्या रेषेवर आहेत, म्हणून दिवस एक. पण बीड पूर्वेला, म्हणून सूर्य तिथे आधी पोचला, अकरा मिनिटे आधी. त्या वेळचा वर्गातला कल्ला मला अजून आठवतो. तो शोध मुलांनी स्वतः लावला होता, आणि त्याच संध्याकाळी मी तो दोन शाळांना कळवला.

गठ्ठ्यात सर्वांत खाली एक कार्ड होते. अक्षर वळणदार, मोठ्या माणसाचे. क्रांतीने ते वाचायला घेतले आणि मध्येच थांबून बाईंकडे पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. "राजापूर तालुका. सात मे. बारा तेहतीस. सावली शून्य. ढग नव्हते. काठीला ओळंबा लावला होता. अंगणात बसून पाहत होतो, तेव्हा गावातली वीस-पंचवीस माणसे जमली आणि काय करता म्हणून विचारू लागली. त्यांना सांगता सांगता मीच अर्धा तास शिकवत बसलो. तीस वर्षांत इतके बरे वाटले नव्हते. आपला विद्यार्थी, दिनानाथ."

दारात सर उभे होते. कधी आले ते कोणालाच कळले नाही. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेव्हा ते खोटे रागावून म्हणाले, "शांतता! नकाशावर माझी टाचणी कुठे आहे?"

मित्रांनो, दिवाळीनंतर शाळेत नवा संगणक आला. त्याच्या पोटातच नवा मोडेम आहे, माझ्या दुप्पट वेगाचा. शाळेने दुसरी टेलिफोन लाइनही घेतली. अरुणा बाईंनी मला पुसून, वायर सैल गुंडाळून या कपाटात ठेवले. येत्या मेसाठी अकरा शाळा तयार झाल्या आहेत, त्यांची पत्रे आता तो नवा नेतो. फळीवरून मला त्याची शिट्टी ऐकू येते. चांगली वाजवतो.

माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. यंत्राची वायर कधीही ओढू नका, पिन धरून काढा. तो सांधा कोणाच्या तरी हातांनी घातलेला असतो. आणि दुसऱ्या गावच्या कोणाबरोबर एखादे काम हाती घेतलेत, तर त्याला वाट पाहत ठेवू नका. जमत असेल तर जमते म्हणा, अडचण आली तर अडचण कळवा. मी फक्त शब्द नेतो. ते लिहून माझ्या हाती देणे, हे काम तुमचेच आहे.